परदेशात असताना गाडी विकणे: मुखत्यारपत्र की अधिकृत विक्रेता?

मुलीकडे एडिनबरोला मुक्कामाला जाताना दारातली गाडी विकायची कशी, हा प्रश्न मला दोनदा पडला. पहिल्या वेळी तिकडे पोहोचल्यावर कोल्हापुरातील धाकट्या भावाला मुखत्यारपत्र दिले. दुसऱ्या वेळी निघण्यापूर्वीच गाडी जुन्या वाहनांच्या अधिकृत विक्रेत्याच्या हवाली केली.

न्यूयॉर्कमध्ये गाडी विकणारा नंबर प्लेट काढून घेतो आणि जमा करतो. आपल्याकडे एमएच ०९ चा क्रमांक गाडीबरोबरच जातो, आणि उच्च सुरक्षा प्लेट तर कुलूप मोडल्याशिवाय निघतही नाही. त्यामुळे नावात बदल होईपर्यंत गाडी दुसऱ्याच्या दारात आणि नंबर आपल्या नावावर, अशी स्थिती राहते.

मुखत्यारपत्राने पैसे जास्त मिळतात, हे मान्य करावे लागेल. विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीपेक्षा गडहिंग्लजच्या गिऱ्हाईकाने चाळीस हजार अधिक दिले. वकिलातीतील साक्षांकन, मग कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक, हेही निभावले. नडला तो ओटीपी. नोंदणीला मोबाइल माझा जोडलेला; भाऊ सकाळी साडेदहाला एजंटासमोर बसे तेव्हा एडिनबरोत उन्हाळ्यातले पहाटेचे सहा वाजलेले असत, आणि रोमिंगवरचा संदेश बहुधा मुदत संपल्यावरच उगवे. यात तीन आठवडे गेले. तेवढ्यात सिग्नल तोडल्याचे एक ई-चलान माझ्या नावे आले. गिऱ्हाईक भला, त्याने दंड मुकाट्याने भरला. पण अपघात झाला असता तर? नोंदणीत ज्याचे नाव, भरपाईसाठी तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितले आहे.

विक्रेत्याच्या बाबतीत १ एप्रिल २०२३ पासूनचे नियम उपयोगी पडतात: गाडी ताब्यात दिल्याची नमुना २९-सी ची सूचना परिवहन खात्याच्या पोर्टलवर गेली की पुढची जबाबदारी त्याच्याकडे जाते. मात्र त्याचे अधिकारपत्र आधी पाहावे. नुसती दुकानावरची पाटी पुरेशी नाही. किंमत कमी मिळाली, तरी त्या मुक्कामात पहाटे फोन उशाशी घेऊन बसावे लागले नाही.

प्रत्येकाची अडचण वेगळी असते, आणि चाळीस हजार सोडणे जड जात असेल तर मुखत्यारपत्रही चुकीचे नाही. फक्त ते सिमकार्ड भावाजवळ ठेवून जावे, जे मला त्या वेळी सुचले नाही.