मसाई माराच्या गेटची पावती मागून घ्या

केनियाला जायच्या बेतात असाल तर आधी हे वाचा. सफारी आणि गावातला मुक्काम असं एकत्र पॅकेज हल्ली पुण्या-मुंबईत बरंच विकलं जातं. आम्ही चौघं, म्हणजे मी, आमचे हे, दीर आणि धाकटी जाऊ, त्यात पद्धतशीर लुबाडले गेलो. कंपनीचं नाव देत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे. पण पद्धत सांगते, कारण ती त्या एकाच कंपनीची असेल असं मला अजिबात वाटत नाही.

कार्यक्रम कागदावर झकास होता. नैरोबीहून नारोकमार्गे मसाई मारा हे अभयारण्य, तीन दिवस गेम ड्राइव्ह म्हणजे गाडीतून प्राणी बघत फिरणं, मग मसाई कुटुंबाच्या घरी दोन रात्री, आणि आपल्या पैशांतला काही भाग गावच्या शाळेला. ऑगस्ट महिना, म्हणजे विल्डबीस्ट या रानटी जनावरांचे कळप शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून माराकडे आलेले असतात तो हंगाम. "ताई, सगळं इन्क्लुडेड. तुम्ही फक्त दुर्बीण घ्या," इति ऑफिसातला गोडबोल्या.

ग्यानबाची मेख आहे ती प्रवेश फीमध्ये. मारात परदेशी प्रौढाला जुलै ते डिसेंबर दिवसाला 200 डॉलर पडतात, जानेवारी ते जून 100. तिकीट बारा तासांचं, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. चौघांचे दिवसाला 800 झाले. तीनपैकी दोन दिवस आम्हाला आत नेलंच नाही, तर कुणाच्या तरी खिशात 1600 डॉलर राहिले. नेमकं तेच झालं.

पहिल्या दिवशी सेकेनानी गेटमधून रीतसर आत गेलो. सिंह, हत्ती, मारा नदीतले पाणघोडे, सगळं पाहिलं, तक्रार नाही. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर म्हणाला, रात्री पाऊस झालाय, आतले रस्ते चिखलात गेलेत, आज कन्झर्व्हन्सीत, म्हणजे शेजारच्या खाजगी राखीव रानात जाऊ, तिथे गर्दी कमी. माराला कुंपण नाही. झेब्रे, जिराफ, इम्पाला गेटबाहेरही खुशाल चरत असतात, त्यामुळे सुरुवातीला शंका यायचं कारणच नव्हतं. मग गळ्यात घंटा बांधलेल्या गाई दिसायला लागल्या. एक पोरगा मोटारसायकलच्या मागे कोंबड्यांचं खुराडं बांधून आमच्या शेजारून पुढे निघून गेला. धाकटी जाऊ म्हणाली, "ताई, हे अभयारण्य आहे की कुणाचं गायरान?" गायरानच होतं. तिसऱ्या दिवशी म्हणे गाडी बिघडली; दुपारनंतर पुन्हा त्याच गायरानात फेरी.

खऱ्या कन्झर्व्हन्सी असतात, नाही असं नाही. मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोतोरोगी. मसाई जमीनमालकांनी जमिनी एकत्र करून पर्यटनासाठी भाड्याने दिल्या आहेत आणि त्याचं भाडं त्यांना मिळतं. पण तिथे फिरायचं तर साधारणपणे त्यांच्याच कॅम्पात उतरावं लागतं आणि माणशी वेगळी फी भरावी लागते. आमचे तंबू होते सेकेनानीच्या दुकानांमागे.

गावमुक्कामाची तऱ्हा याहून वाईट. मन्याट्टा म्हणजे काटेरी कुंपणाच्या आत गोलाकार उभी केलेली घरं, फांद्यांचा सांगाडा आणि वर शेणामातीचा लेप. ही घरं बायकाच बांधतात. आम्हाला एका घरात नेलं. दार बुटकं, वाकून आणि वळून आत शिरायचं. भिंतीला वाटीएवढं भोक, तेवढाच उजेड. डोळे सरावल्यावर चुलीकडे लक्ष गेलं. थंडगार, राखसुद्धा नाही. घरात पातेलं नाही, पाण्याचा डबा नाही, कुठे चिरगूट अडकवलेलं नाही. चार माणसांचा संसार असलेलं घर असं दिसत नाही, हे कुणाही बाईला कळेल. बाहेर उड्यांचा नाच झाला, काठ्या घासून विस्तव करून दाखवला, मण्यांच्या माळांचा बाजार मांडला, आणि शेवटी एक तरुण माणशी 30 डॉलर मागायला आला.

मी त्याला फोनवरचा कार्यक्रम दाखवला. पैसे भरलेत, दोन रात्री इथेच राहायचंय. त्याने सगळं नीट वाचलं आणि सांगितलं, रात्री इथे कुणीच नसतं. संध्याकाळी आम्ही आपापल्या घरी जातो. तुमच्या कंपनीकडून आम्हाला काही येत नाही. ड्रायव्हर पाहुणे आणतो, त्याचा हिस्सा काढून घेतो, उरलेलं आम्ही वाटून घेतो. त्या पोराचा मला राग आला नाही, आमच्याइतकाच तोही नागवला जात होता. शाळेच्या देणगीसाठी ड्रायव्हरने दिलेला एम-पेसाचा (मोबाइलवरून पैसे पाठवायची तिथली सोय) नंबर त्याने स्वतःच्या फोनवर टाकून पाहिला. एम-पेसावर पैसे जाण्याआधी समोरच्याचं नाव दिसतं. ते ड्रायव्हरचंच निघालं.

परत आल्यावर कागद घेऊन बसलो, तेव्हा एकेक गोष्ट उलगडली. पत्रकात ठळक छापलेलं, "सर्व केडब्ल्यूएस फी समाविष्ट". केडब्ल्यूएस म्हणजे केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिस, तिथलं सरकारी वन्यजीव खातं. मसाई मारा त्यांच्याकडे नाहीच, ते नारोक काउंटीचं रिझर्व्ह आहे. नाकुरू, त्सावो असं एखादं राष्ट्रीय उद्यान असतं तर गोष्ट वेगळी. बिलात "व्हिसा व स्टॅम्पिंग" म्हणून भरभक्कम रक्कम. जानेवारी 2024 पासून केनियाचा व्हिसाच बंद झालाय, त्याऐवजी ईटीए म्हणजे प्रवासाची परवानगी ऑनलाइन काढतात आणि त्याची सरकारी फी 30 डॉलरच्या आसपास. टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आपल्याकडून घेऊन सरकारला भरायचा कर, तोही आमच्याकडून घेतला होता, पण ह्यांच्या 26एएसमध्ये (आयकर खात्याकडचा आपल्या कराचा उतारा) त्याचा पत्ता नाही. परदेशी सहलीचं पॅकेज विकणाऱ्याने कापलेला टीसीएस तिथे दिसायलाच हवा, तेव्हा निघायच्या आधीच तो तपासून घ्या. यलो फीव्हरची लस दहा दिवस आधी घ्या, हे एवढंच त्या गोडबोल्याने खरं सांगितलं.

तिथली गाडी-ड्रायव्हर पुरवणारी कंपनी कोणती, तिच्याकडे केनियाच्या टुरिझम रेग्युलेटरी ऑथॉरिटीचं लायसन्स आहे का, हे इथूनच लेखी मागा. गावमुक्काम हवा असेल तर त्या गावाचं नाव मागा आणि तिथल्या माणसाशी स्वतः बोला. केनियातल्याच लाइकिपिया भागातलं इल न्ग्वेसी लॉज 1996 पासून तिथल्या मसाई लोकांच्याच मालकीचं आहे. असा प्रकार शोधला तर सापडतो.

आमचे दीर निवृत्त तलाठी. कागद म्हणून टाकायचा नाही, बसचं तिकीटसुद्धा. पहिल्या दिवशीची गेटची पावती त्यांच्या पाकिटात होती, तारीख आणि चार माणसं लिहिलेली. बाकी दोन दिवसांच्या पावत्या दाखवा म्हटल्यावर कंपनी आधी "लोकल व्हेंडरला विचारतो" म्हणाली, मग फोन उचलेनाशी झाली. तक्रार आम्ही ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर केली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ती आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते, कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. नोटीस मिळाल्यावर गोडबोल्याचा मेसेज आला: "ताई, गैरसमज झालाय. गुडविल म्हणून सेरेंगेटीच्या टूरवर चौघांना डिस्काउंट देतो, गावमुक्काम फ्री." तो मेसेजही दिरांनी छापून फायलीत लावलाय.