फोम एक नंबर, पण कार्ड यांच्याच देशातलं पाहिजे

तीन स्टार बघून माल वाईट असेल असं समजू नका, माल झकास आहे. जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या मागच्या झाकणाच्या खाचेत काळा फोम असतो बघा, उजेड आत शिरू नये म्हणून लावलेला, तो काही वर्षांनी विरघळून डांबरासारखा चिकट होतो आणि हाताला, फिल्मला, सगळीकडे लागत बसतो. या ऑनलाइन दुकानात मॉडेलप्रमाणे कापलेला नवा फोम मिळतो, माप तंतोतंत, सोबत बसवायच्या सूचना आणि जुना खरवडायला एक काडी पण देतात. गेलेले दोन स्टार पेमेंटच्या पानाचे. आणि रिव्ह्यू बराचसा त्या पानाबद्दलच आहे, कारण दुसऱ्या देशातलं कार्ड घेऊन इथे जो येईल त्याचं तेच होणारे जे माझं झालं.

तीन किट कार्टमध्ये टाकले, पत्ता लिहिला, शिपिंग निवडलं (परदेशात पाठवायची सोय आहे, देशांची यादी ही एवढी लांब, म्हणजे माल पाठवायला यांची काही ना नाही), कार्ड नंबर टाकला, बटण दाबलं, चक्र फिरत राहिलं आणि मग लाल अक्षरात, तुमचं कार्ड नाकारलं गेलंय, बँकेशी संपर्क साधा. म्हणलं आकडा चुकला असेल. परत टाकला, परत तेच. तिसऱ्यांदा नाव कार्डावर आहे तसं कॅपिटलमध्ये लिहून बघितलं, जसं काही त्यानं बँकेचं मन पाघळणारे. तोवर फोनवर टिंग, टिंग, टिंग. बँकेचे तीन मेसेज, तिन्हीत पैसे गेलेले. दुकान म्हणतंय मिळाले नाहीत, बँक म्हणतीये दिले, आणि मी मधे, डेबिट कार्ड घेऊन.

बँकेत फोन लावला. बरंच संगीत ऐकल्यावर एक ताई आल्या, त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "मॅडम, आमच्याकडून तिन्ही व्यवहार अप्रूव्ह झालेत, नकार समोरून आलाय." म्हणजे लाल अक्षरातलं ते वाक्य चक्क खोटं. बँकेनं हो म्हणलेलं, नाही म्हणलं ते दुकानानं, आणि बिल फाडलं बँकेच्या नावावर. माझा सगळा राग या एका वाक्यावर आहे, पुढचं सगळं समजून घ्यायची माझी तयारी आहे.

मग हे होतं कसं ते खणून काढलं. कार्ड नंबरचे पहिले सहा आकडे (आता हळूहळू आठ, २०२२ मधे व्हिसा आणि मास्टरकार्डनं बदल केला) म्हणजे बिन, त्यावरून कार्ड कुठल्या बँकेचं, कुठल्या देशातलं, डेबिट की क्रेडिट की प्रीपेड, हे सगळं दुकानाच्या पेमेंट गेटवेला (दुकानाच्या वतीनं कार्डाचे पैसे घेणारी मधली यंत्रणा) लगेच कळतं. तुम्ही शेवटचा आकडा टाईप करायच्या आत तुमचा देश त्यांना माहीत झालेला असतो. गेटवेच्या सेटिंगमधे दुकानदार नियम लावू शकतो, कार्डाचा देश आणि इंटरनेटचा पत्ता ज्या देशातला तो जुळत नसेल तर थांबव, किंवा सरळ, बाहेरच्या देशातलं कार्ड घेऊच नको. एक टिक केली की झालं. व्हीपीएन चालू ठेवून खरेदी करणाऱ्यांनी पण हे लक्षात घ्या, तुमचा देश तुम्हीच खोटा सांगत असता आणि मग कार्ड चाललं नाही म्हणून ओरडत असता.

माझ्या बाबतीत मात्र आणखी एक भानगड होती, पत्त्याची. एव्हीएस म्हणून एक तपासणी असते. तुम्ही बिलिंगचा पत्ता लिहिता, त्यातला घर नंबर आणि पोस्टाचा कोड व्यवहारासोबत बँकेकडे जातो, बँक तिच्याकडच्या पत्त्याशी ताडून बघते आणि जुळलं, अर्धवट जुळलं, नाही जुळलं असं एका अक्षरात उत्तर देते. पण ही पद्धत चालते मुख्यतः अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधे. बाकी बहुतेक देशांच्या बँका यात नाहीतच, त्यांचं उत्तर येतं, आमच्याकडे ही सोय नाही. आता "सोय नाही" आणि "पत्ता चुकीचा" यात जमीन अस्मानाचा फरक आहे, पण दुकानानं गेटवेला सांगून ठेवलेलं असतं की पत्ता पूर्ण जुळला तरच घे, मग तो दोघांना एकाच दारातून हाकलतो. खरी गंमत पुढे. बँकेचं "पैसे आहेत, घ्या" हे उत्तर आणि पत्त्याचं उत्तर एकाच वेळी येतं, त्यामुळे गेटवे नाही म्हणेपर्यंत बँकेनं पैसे बाजूला काढून ठेवलेले असतात. याला होल्ड म्हणतात. पैसे दुकानाला गेलेले नसतात पण तुमच्याही हातात नसतात. गेटवेनं रद्द केल्याचा निरोप नीट पाठवला तर लवकर सुटतात, नाही पाठवला तर आपोआप मुदत संपेपर्यंत वाट बघा. क्रेडिट कार्डावर नुसती लिमिट अडकते, डेबिटवर खात्यातले खरे पैसे अडकतात, म्हणून अनोळखी दुकानात डेबिट वापरून तीनतीनदा बटण दाबायचा शहाणपणा माझ्यासारखा करू नका.

फॉर्मचं तर बोलायलाच नको. पोस्टाचा कोड टाकल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि तो त्यांच्या देशातल्या लांबीचाच पाहिजे. हाँगकाँगला पोस्टकोड नाही, अमिरातीत नाही, तिथल्या माणसानं काय टाकायचं? लोक पाच शून्य टाकतात आणि मग फ्रॉड पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला ते संशयास्पद वाटतं. म्हणजे पहिले खोटं बोलायला लावायचं आणि मग खोटं बोलला म्हणून पकडायचं.

दुकानाला मेल टाकला, जरा तिखटच. दुसऱ्या दिवशी मालकाचं उत्तर आलं, आणि कबूल करते की ते वाचून मी थोडी नरमले. त्यांनी लिहिलेलं की दुकान दोन माणसांचं आहे, मधे एकदा बाहेरच्या देशातल्या चोरलेल्या कार्डांवर एकापाठोपाठ ऑर्डरी आल्या, त्यांनी माल पाठवला, आणि काही महिन्यांनी खऱ्या कार्डधारकांनी तक्रार केल्यावर सगळे पैसे परत खेचले गेले. याला चार्जबॅक म्हणतात, ग्राहकाला साधारण १२० दिवसांपर्यंत हा दावा करता येतो, म्हणजे माल जाऊन, पैसे खर्च होऊन, विसर पडल्यावर दुकानदाराला फटका बसतो. माल गेला, पैसे गेले, वर प्रत्येक दाव्याला दंडासारखी फी. अशा दाव्यांचं प्रमाण वाढलं तर कार्ड कंपन्या दुकानाला नजरेखाली ठेवतात आणि कार्ड घ्यायची सोयच बंद व्हायची वेळ येते. त्यात बाहेरच्या कार्डाचा पत्ता एव्हीएसनं तपासता येत नाही, म्हणून त्यांनी वैतागून सगळ्यांनाच बंद केलं. चोर दहा आणि पाहुणे हजार असले तरी कुत्रा सगळ्यांवर सोडला. पण दोन माणसांचं दुकान, त्यांना कुत्रा परवडतो, वॉचमन परवडत नाही.

वॉचमन म्हणजे थ्रीडी सिक्युअर, पेमेंट करताना बँकेचा ओटीपी किंवा अ‍ॅपमधली मंजुरी मागतात ते. २००१ च्या सुमारास व्हिसानं आणलं. ते लावलं आणि ग्राहकानं ओटीपी दिला, तर नंतर "कार्ड चोरीला गेलेलं" असा दावा आला तरी भुर्दंड सहसा दुकानाऐवजी कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो. म्हणजे बाहेरच्या कार्डांना नुसतं ओटीपीच्या रस्त्यानं वळवलं असतं तर यांचं बरंच काम झालं असतं. पण एक पायरी वाढली की काही गिऱ्हाईकं मधेच सोडून जातात, ही भीती असते, म्हणून कित्येक दुकानं ते लावतच नाहीत. मालकांना मी हे कळवलं, "बघतो" म्हणालेत.

पैशाचा हिशेब पण आहे त्यात. परदेशी कार्ड घेणं दुकानाला महाग पडतं. युरोपात आपापसातल्या कार्डांवर बँकांची आपसातली फी (जी शेवटी दुकानाकडूनच वसूल होते) डेबिटला ०.२ आणि क्रेडिटला ०.३ टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही, पण युरोपाबाहेरचं कार्ड ऑनलाइन वापरलं तर २०१९ मधे ठरलेली मर्यादा १.१५ आणि १.५ टक्के. पाचपट फरक! कमी मार्जिनवर विकणारा दुकानदार हा आकडा बघून विचारात पडणारच. तिथेच कायदा असाही आहे की ३ डिसेंबर २०१८ पासून युरोपियन युनियनमधल्या दुकानाला युनियनमधल्याच दुसऱ्या देशाचं कार्ड फक्त देश बघून नाकारता येत नाही. बाकीच्या जगाला असं कुणी विचारत नाही.

निर्बंधांचा मामला वेगळा, मार्च २०२२ मधे व्हिसा मास्टरकार्डनं रशियातलं काम थांबवल्यावर तिथली कार्डं बाहेर कुठेच चालेनात, त्यात दुकानदाराचा काही हात नाही. अ‍ॅप आणि गेम विकणारे कार्डाचा देश बघतात ते बहुतेक वेळा वेगवेगळ्या देशात वेगवेगळे भाव ठेवलेत म्हणून.

आणि हो, दरवेळी दुकानच दोषी असतं असं पण नाही. तुमच्या बँकेत परदेशी वापर बंद असू शकतो, लिमिट कमी असू शकते, किंवा बँकेच्या यंत्राला उगाच शंका येते आणि ते ०५ नंबरचं उत्तर देतं, ज्याचा अर्थ एवढाच की स्वीकारू नका, कारण विचारू नका. ओळखायची सोपी खूण सांगते, पैसे अडकल्याचा मेसेज आला आणि तरी नाकारलं तर दुकान, मेसेजच आला नाही तर बँक किंवा त्याच्याही आधी बिनवरूनच कटाप. शंभर टक्के खात्रीची नाही पण फोनवरचं संगीत वाचतं.

शेवटी मालकांनी पेपॅलची लिंक पाठवली, तेच कार्ड, तोच पत्ता, मिनिटात झालं, कारण कार्ड तिथे पेपॅल घेतं, दुकानाच्या नियमांचा संबंधच येत नाही. मग हा पर्याय पानावर का नाही हो? देशांची यादी एवढी लांब ठेवलीये तिच्या खाली एक ओळ, बाहेरच्या कार्डांनी आम्हाला मेल करा, एवढं लिहायला काय जातं? मी कार्ट भरायच्या आधी वाचलं असतं आणि एक अख्खा स्टार इथेच जास्त दिला असता.

पार्सल नीट आलं, फोम बसवला, झाकण आता दाबल्यावर पहिल्यासारखं टक वाजतं. पहिले दोन होल्ड सहाव्या दिवशी सुटले, तिसरा अजून पेंडिंग दाखवतोय.