डेकर खोगीर: पाच महिने वापरल्यानंतर

जूनपासून ऑक्टोबरपर्यंत मी अमेरिकेतल्या माँटाना राज्यात, बॉब मार्शल अरण्यात खेचरांवरून माल वाहायचं काम केलं. हंगामाच्या सुरुवातीला पदरचे पैसे घालून एक नवं डेकर खोगीर घेतलं. हे बसायचं नव्हे, ओझं लादायचं खोगीर. ते कसं टिकलं, हे लिहितोच. पण त्याहून जास्त, ते खेचराच्या पाठीला कसं मानवलं हे लिहायचं आहे.

या अरण्यात 1964 च्या कायद्याने इंजिनाला बंदी आहे. जीप नाही, मोटरसायकल नाही, साधी सायकलसुद्धा नाही. पायवाटांवर पडलेली झाडं कापणाऱ्या टोळ्या आठ-आठ दिवस आत राहतात आणि दोन माणसांनी ओढायच्या लांब करवतीने काम करतात. त्यांचं रेशन, तंबू, हत्यारं, सगळं खेचरांवर जातं. माझ्याकडे पाच खेचरांची माळ असायची. मी पुढे घोड्यावर, मागे एकामागे एक बांधलेली खेचरं.

डेकरचा सांगाडा साधा आहे. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक लाकडी फळी आणि त्या जोडणाऱ्या दोन लोखंडी कमानी. कमानींच्या माथ्यावर दोर ओवायला इंग्रजी डी अक्षरासारखं वळण. त्यावर जाड कॅनव्हासचं, आत भरण घातलेलं पांघरूण येतं. त्याला तिथली माणसं ‘हाफ-ब्रीड’ म्हणतात. त्याच्या खालच्या कडेला आडवी लाकडी पट्टी असते, त्यामुळे दोर आणि ओझं बरगड्यांत रुतत नाहीत. दुसरा प्रकार सॉबक. त्यात लाकडी फुल्या असतात आणि त्यांना थैल्या अडकवायच्या. थैलीत मावेल तेवढ्याच मालासाठी सॉबक उत्तम. पण करवती, फळ्या, स्टोव्ह, गवताच्या गासड्या असं वेडंवाकडं सामान असलं की डेकरच हवं. सामान कॅनव्हासमध्ये गुंडाळून त्याचं आवळ पार्सल करायचं (याला ‘मँटी’ म्हणतात) आणि दोराच्या झोळीत टांगायचं. हात बसला की एक बाजू दोन-तीन मिनिटांत बांधून होते.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे लोखंडी कमानी वाकवता येतात. सगळ्या खेचरांची पाठ सारखी नसते. आमच्या मुकादमाने पहिल्याच आठवड्यात खालची गादी न घालता नुसता सांगाडा रोझी नावाच्या आमच्या एका खेचराच्या पाठीवर ठेवायला लावला. फळीखाली बोटं सरकवून बघ म्हणाला. पुढे बोटं अडकत होती, मागे तळहात जात होता. कमान थोडी रुंद केली, फळीची एक कड कानशीने घासली, तेव्हा ती सगळीकडे सारखी टेकली. नवशिके खोगीर फार पुढे ठेवतात, मीही ठेवायचो. खांद्याचं हाड हलायला मोकळं राहिलं पाहिजे.

तिसऱ्या आठवड्यातली माझी चूक मात्र खोगिराने भरून काढली नाही. एका खेचरावर साधारण दीडशे पौंड, म्हणजे अडुसष्ट किलो ओझं घालतात, दोन्ही बाजूंना अर्धं-अर्धं. त्यासाठी काट्याचा तराजू असतो. त्या दिवशी घाईत मी तराजू काढलाच नाही, हातानेच अंदाज घेतला. बटाट्यांची बाजू पाचेक पौंडांनी जड झाली. मैलभर काही कळलं नाही. मग चढावर खोगीर हळूहळू उजवीकडे सरकलं आणि ओझं रोझीच्या पोटाकडे आलं. घोडा असता तर उधळला असता. ही जागच्या जागी थांबली. मागची मात्र बिचकून मागे ओढली गेली आणि दोघींमधला पाव इंची दोराचा फासा तुटला. तो तुटण्यासाठीच बारीक ठेवलेला असतो, नाहीतर एक दरीत गेली की सगळी माळ जाते.

मुक्कामाला गादी उचलली. सगळी पाठ घामाने काळी ओली आणि कण्याच्या उजव्या बाजूला रुपयाएवढे दोन कोरडे ठिपके. कोरडं म्हणजे बरं असं मला वाटलं होतं. उलट आहे. तिथे इतका दाब पडला होता की घामच सुटला नव्हता. दुसऱ्या दिवशी तिथे बोट लावलं की कातडी थरथरायची. आठ दिवस रोझीवर ओझं घातलं नाही. तेव्हापासून तराजू माझ्या घोड्याच्या खोगिराला बांधलेला असतो. फरक निघाला तर हलक्या बाजूला धोंडा घालतो.

मी यवतमाळकडचा. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी करतात. जू घासलेल्या खांद्याला हळद-तूप चोळायचं आणि म्हणायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ यंदा त्या संध्याकाळी मी चिनी भिंत नावाच्या चुनखडीच्या कड्याखाली मुक्कामाला होतो. पाचही खेचरांच्या पाठी कोमट पाण्याने धुतल्या, खरारा केला आणि आवतण दिलं. तूप लावलं नाही, कारण पाठ तेलकट राहिली की धूळ धरते आणि गादीखाली तीच घासते. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीच्या तोबऱ्यात ओंजळभर ओट जास्त घातले.

आता तक्रारी. डेकर जड आहे. पाच खोगिरं रोज चढवून-उतरवून पहिला महिना माझे खांदे भरून यायचे. माझ्या पांघरुणाची कोपऱ्यातली शिवण दुसऱ्याच महिन्यात उसवली आणि आडव्या पट्टीची कड गोल केलेली नव्हती. विकणाऱ्याला दोनदा लिहिलं, उत्तर आलं नाही. शेवटी सुतळी-दाभण घेऊन मीच शिवलं, कड घासली. मागचा पट्टाही कडक होता. खेचराच्या खांद्याला उंचवटा कमी असतो, उतारावर खोगीर पुढे घसरतं, म्हणून हा पट्टा लागतोच. पण त्याच्या कडीने मांडीवरचे केस घासले जायचे, तेव्हा कडीखाली मेंढीच्या कातड्याचा तुकडा लावून घ्या. आणि निघाल्यावर पाव तासाने थांबून तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, पुन्हा आवळा. खेचरं पोट फुगवून उभी राहतात.

ज्यांना फक्त थैल्या न्यायच्या आहेत त्यांनी सॉबक घ्यावं, स्वस्त पडतं. मी पुढच्या जूनमध्ये हेच डेकर वापरणार आहे, शिवण पक्की करून. रोझीची पाठ बरी आहे. ऑक्टोबरात थंडीची नवी लव आली तेव्हा त्या दोन ठिपक्यांवर केस पांढरे उगवले. ते आता तसेच राहणार.