भरती-ओहोटी: स्मार्ट बोर्डवर की खाडीच्या धक्क्यावर?

अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्य एका रेषेत आले की उधाण का येतं, हे स्मार्ट बोर्डवरच्या ॲनिमेशनमध्ये पटकन कळतं. पावसाळ्यात वीज गेली की मात्र धडा तिथेच थांबतो.

मला मोबाइलचा मार्ग जास्त मोलाचा वाटतो. धक्क्याला मापाच्या खुणा केलेली काठी बांधायची, शिक्षकांसोबत जाऊन भरतीला तिचा फोटो घ्यायचा, वेळ आणि उंची स्प्रेडशीटमध्ये भरायची. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, हे मुलं स्वतः शोधतात. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे कमी उंचीची भरती आली की आलेख खाली उतरतो. मग मासेमारीला जाणारे आजोबा तिथीवरून पाण्याचा अंदाज कसा बांधतात, तेही त्यांना उलगडतं. ॲनिमेशन दाखवावं ते त्यानंतर, ‘असं का?’ हा प्रश्न पडल्यावर.