घरगुती डिशवॉशर पावडर: सोलापूरच्या पाण्यावरचा अनुभव

दिवाळीनंतर बाजारच्या टॅब्लेट बंद केल्या आणि डिशवॉशरची पावडर घरीच करायला लागले. आता पावसाळा तोंडावर आलाय. इतक्या महिन्यांनंतर माझं मत पक्कं झालंय: रोजच्या स्टीलच्या भांड्यांना ही पावडर छान आहे, पण ती तुमच्याकडे चालेल की नाही हे टाकीतलं पाणी ठरवतं.

माझं प्रमाण: दोन वाट्या धुण्याचा सोडा, एक वाटी सोडियम पर्कार्बोनेट, एक वाटी सोडियम सायट्रेट. एका वेळेला एक मोठा चमचा पुरतो. धुण्याचा सोडा किराणा दुकानात मिळतो, बाकीचं ऑनलाइन मागवते. खायचा सोडा त्याजागी घालू नका, तो फार सौम्य पडतो. बरेच जण सायट्रेटऐवजी लिंबूसत्व घालतात. पण सोडा आणि लिंबूसत्व एका डब्यात असले की जराशा ओलाव्यानेही फसफसतात, गठ्ठा होतो आणि दोघांचाही जोर डब्यातच संपतो. म्हणून लिंबूसत्व मी वेगळं ठेवते, मधूनमधून रिकाम्या मशीनमधले क्षार काढायला. भांडी घासायचं लिक्विड मात्र थेंबभरही नको, नुसता फेस होतो.

आता पाणी. आमच्याकडे नळाला उजनीचं पाणी चार-पाच दिवसांआड येतं, पुरलं नाही की टाकीत बोअरचं सोडावं लागतं. उजनीच्या पाण्यावर काचेचे ग्लास लख्ख निघतात. बोअरचं पाणी पडलं की त्याच ग्लासांवर पांढुरका थर दिसतो. उजेडात धरला तर धूसर, बोट फिरवलं तर खरखरीत, आणि कोरड्या फडक्याने पुसून तसूभरही जात नाही. पाण्यातलं कॅल्शियम सोड्याशी मिळून हा थर तयार होतो. सायट्रेट त्या कॅल्शियमला धरून ठेवतं, पण बोअरच्या जड पाण्यात चमचाभर पावडरीतलं सायट्रेट कुठे पुरणार?

यावर खरा उपाय डिशवॉशरसाठी वेगळं मिळणाऱ्या मिठाचा. हे मीठ भांडी धूत नाही. पाणी मऊ करणारं रेझिन मशीनमध्ये असतं, त्याला ते पुन्हा कामाला लावतं. पावडर घरची करा, पण मिठात काटकसर अजिबात करू नका. स्वयंपाकाचं आयोडीनयुक्त बारीक मीठही मशीनमधल्या मिठाच्या कप्प्यात घालू नका. आणि बोअर सुरू झालं की मशीनवरची पाण्याच्या जडपणाची सेटिंग वाढवा. माझ्याकडे एवढ्यानेच ग्लासांचा प्रश्न बराचसा सुटला.

तेलकटपणाबद्दल मात्र मला या पावडरीचं मनापासून कौतुक आहे. काळ्या मसाल्याच्या आमटीची तर्री, शेंगा चटणीच्या डब्याच्या कडेला बसलेलं तेल, सगळं गरम पाण्याच्या सायकलमध्ये निघतं. कपांमधले चहाचे डाग पर्कार्बोनेट काढतं. गरम पाण्यात त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. थंड पाण्याच्या छोट्या सायकलवर हे फारच मंद होतं. प्लास्टिकच्या झाकणांवरची हळद काही जात नाही, ती गच्चीवर उन्हात ठेवली की आपोआप फिकी पडते. सोलापुरात उन्हाला काय तोटा!

कमी पडते ती पिठापाशी. भाकरीच्या परातीत कडेला ज्वारीचं पीठ वाळून बसतं, तसंच भाताच्या पातेल्याच्या तळाशी. बाजारच्या चांगल्या डिटर्जंटमध्ये स्टार्च तोडणारी एन्झाइम असतात, आपल्या पावडरीत ती नाहीत. त्यामुळे भाकरी झाल्या झाल्या परातीत पाणी ओतून ठेवते, अर्ध्या तासात पीठ सुटतं आणि मग ती मशीनमध्ये जाते. पाहुणे असले, खरकटी भांडी रात्रभर राहणार असली, तर सरळ विकतची टॅब्लेट टाकते. त्यात कमीपणा कसला?

खर्च टॅब्लेटच्या निम्म्याहून कमी येतो. डबा कोरडा ठेवा, चमचाही कोरडाच वापरा. सोडा आणि पर्कार्बोनेट दोन्ही हाताला आणि डोळ्यांना झोंबतात, तेव्हा मिसळताना हातमोजे घाला आणि डबा पोरांच्या हाती लागू देऊ नका.

शेजारच्या काकूंनी परवा विचारलं, "अगं, माझी ॲल्युमिनियमची कढई टाकू का यात?" नका टाकू, काकू. सोड्याने ॲल्युमिनियम काळं पडतं. पितळेची भांडी आणि बिडाचा तवासुद्धा हातानेच घासा.