रेशनचं मोफत धान्य : सलग बारा महिने उचलल्यानंतरचा अनुभव

प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजना एप्रिल 2020 मध्ये सुरू झाली ती टाळेबंदीतली तातडीची मदत म्हणून. नेहमीच्या दोन-तीन रुपये किलोच्या धान्याशिवाय माणशी पाच किलो जादा, आणि तेही फुकट. डिसेंबर 2022 मध्ये ते जादाचं धान्य बंद झालं, 1 जानेवारी 2023 पासून नेहमीचा कोटाच मोफत झाला आणि 1 जानेवारी 2024 पासून त्याला पाच वर्षांची मुदत मिळाली. अजूनही बरेच जण दुकानात जाऊन माणशी दहा किलो मागतात आणि वाद होतो. आता हक्क पाच किलोचाच आहे.

हा अनुभव प्राधान्य कुटुंबाच्या पाच युनिटच्या, म्हणजे पाच माणसांच्या कार्डाचा. धान्य येतं, दर महिन्याला येतं आणि खाण्याजोगं येतं. घोळ होतो तो मोजताना आणि कार्डावरच्या नावांत.

पाच युनिट म्हणजे 25 किलो. त्यात गहू किती आणि तांदूळ किती, हे जिल्ह्यागणिक आणि महिन्यागणिक बदलतं. मधूनच ज्वारीही येते. त्यामुळे ‘या महिन्यात गहू कमी आलाय’ हे दुकानदाराचं म्हणणं खरं असू शकतं. पण गहू घटला तर तेवढा तांदूळ वाढलाच पाहिजे, बेरीज 25 ची राहते. सगळ्यात गरीब कुटुंबांच्या अंत्योदय कार्डाला मात्र माणसं न मोजता 35 किलो मिळतात, शिवाय 20 रुपयांत एक किलो साखर. सात माणसांपर्यंत अंत्योदय तोट्यात जात नाही. आठवं माणूस आलं की प्राधान्य कार्डाचे 40 किलो जास्त होतात.

पैसे मोजावे लागत तेव्हा लोक हिशेब विचारायचे. रक्कम शून्य झाली आणि पावती मागायची सवयच सुटली. गळती नेमकी तिथे होते. दुकानातल्या ई-पॉस मशिनवर (अंगठ्याने ओळख पटवून धान्याची नोंद करणारं यंत्र) अंगठा लागला की नोंद 25 किलोंची होते. पिशवीत 23 पडले तरी सरकारदरबारी 25 च उचललेले असतात. म्हणून अंगठा देण्याआधी स्क्रीनवरचे किलो वाचायचे, पावती निघाली की ती हातात घ्यायची आणि मगच पिशवी उघडायची. मशिनचा कागद संपला असेल तर घरी येऊन ‘मेरा रेशन’ ॲपमध्ये किंवा महाराष्ट्राच्या ई-पॉस संकेतस्थळावर ‘आरसी डिटेल्स’ उघडायचं. कार्डाचा बारा अंकी नंबर आणि महिना टाकला की कोणत्या तारखेला काय उचललं ते दिसतं. हा बारा अंकी नंबर जुन्या कार्डावर छापलेला नसतो. दुकानदाराकडून घेऊन कार्डाच्या आतल्या पानावर लिहून ठेवा.

काटा आधी रिकामा बघायचा. डब्याने मोजत असतील तर रिकामा डबा ठेवून आकडा शून्य केला का, हे पाहायचं. दीड किलो वजनाचा डबा तसाच धरून तीन वेळा माप घातलं तर साडेचार किलो गेले, म्हणजे जवळजवळ एका माणसाचा महिना. हे का होतं, तेही समजून घ्यायला हवं. पन्नास किलोच्या पोत्यात बारदानाचंच वजन अर्ध्या किलोहून जास्त, वाटेत सांडतं ते वेगळं, आणि दुकानदाराला क्विंटलमागे मार्जिन होतं 150 रुपये, 2025 मध्ये झालं 170. त्यातूनच भाडं, वीज आणि मापाड्याची मजुरी. त्याची ओढाताण खरी आहे, पण ती तूट गरिबाच्या पिशवीतून भरून काढणं चूकच. पावतीवरच्या आकड्यापेक्षा वजन कमी भरलं तर 1967 किंवा 1800-22-4950 वर तक्रार करता येते. पावती किंवा ऑनलाइन नोंदीचा फोटो, दुकानाचा क्रमांक आणि तारीख हाताशी ठेवा, आणि तोच मजकूर तहसीलच्या पुरवठा शाखेत (मुंबईत शिधावाटप कार्यालयात) लेखी देऊन पोच घ्या. नुसत्या तोंडी तक्रारीवर काही हलत नाही.

ई-केवायसीत, म्हणजे आधारवरून ओळख पडताळण्यात, सगळ्यात जास्त लोक अडकतात. कार्डावरच्या पाच वर्षांवरच्या प्रत्येकाची स्वतंत्र पडताळणी लागते. एकाची राहिली की 25 चे 20 होतात आणि दुकानात ‘युनिट लॉक’ एवढंच सांगतात. पडताळणी कुठल्याही रेशन दुकानात होते, त्यासाठी गावी परत जायची गरज नाही आणि पैसेही लागत नाहीत. मोबाइलवर ‘मेरा ई-केवायसी’ आणि ‘आधार फेस आरडी’ ही दोन्ही ॲप टाकून चेहऱ्यानेही होते, फक्त आधारला जोडलेला नंबर चालू हवा. मुलांच्या आधारचे ठसे पाच आणि पंधरा वर्षांच्या वयात नव्याने द्यावे लागतात. दहावीतल्या मुलाचं युनिट अचानक अडलं तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. आधी आधार केंद्र, मग रेशन दुकान.

बांधकामावर, विडीच्या किंवा धुण्याभांड्याच्या कामावर असलेल्यांचा थम लागत नाही. हात कोमट पाण्याने धुऊन पुसायचे आणि अंगठाच पाहिजे असा आग्रह न धरता दहाही बोटं लावून बघायची. नव्या फोर-जी मशिनवर डोळ्याच्या बुबुळानेही ओळख पटते. दुकानदार आपणहून सांगत नाही, आपण मागायचं. कार्डावरच्या कुणाही एकाच्या ओळखीवर सगळ्या घराचं धान्य मिळतं, तेव्हा आजारी आजीला रिक्षात घालून नेऊ नका. घरात दुसरं कुणीच नसेल तर पुरवठा शाखेत अर्ज करून नॉमिनी (आपल्या वतीने धान्य उचलणारा) नेमता येतो.

नाव चढवणं मात्र खरंच जीव काढतं. लग्न झालेल्या मुलीचं नाव माहेरच्या कार्डातून कमी करून दाखला आणायचा, मग सासरी अर्ज. नाव कमी होतं पटकन, वाढायला महिने जातात, कारण इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या. महाराष्ट्राला सुमारे सात कोटी लाभार्थ्यांचीच मर्यादा आहे आणि ती 2011 च्या जनगणनेवर बेतलेली. कुणी गळेल तेव्हा दुसरा आत येणार. तोवर त्या मुलीचं आणि तिच्या बाळाचं धान्य कुठेच नसतं. उत्पन्नाची अटही तशीच: शहरात वर्षाला 59,000 आणि गावात 44,000 रुपये. महिन्याचे शहरात पाच हजारही भरत नाहीत. खरं उत्पन्न लिहिलं तर मोलकरीणही यात बसत नाही. ही मर्यादा वाढवायलाच हवी, यात दुसरं मत असूच नये.

ऊसतोडीला किंवा कामासाठी बाहेर गेलेल्यांना कार्ड बदलावं लागत नाही. बारा अंकी नंबर किंवा आधार सांगून दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यातही धान्य उचलता येतं. दोघांचं तिकडे आणि उरलेल्यांचं गावी असंही चालतं. फक्त महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जा. दुकानाला माल येतो तो तिथल्या कार्डांच्या हिशेबाने, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात परगावच्या माणसाला ‘शिल्लक नाही’ हेच ऐकायला मिळतं. मुदतवाढ मिळाली नाही तर न उचललेला महिना बुडतो.

आजच घरात काही नाही, अशा वेळी ही योजना धावून येत नाही, कार्ड व्हायलाच आठवडे लागतात. त्या वेळी उपयोगी पडते ती 26 जानेवारी 2020 ला सुरू झालेली शिवभोजन थाळी, जिथे केंद्र चालू आहे तिथे. दहा रुपयांत दोन पोळ्या, 100 ग्रॅम भाजी, 150 ग्रॅम भात, 100 ग्रॅम वरण. दुपारच्या ठरलेल्या वेळेत जावं लागतं आणि थाळ्यांची संख्या ठरलेली असते, म्हणून सुरुवातीलाच पोचा.

धान्य घरी आल्यावरची एक गोष्ट. 2025 मध्ये जून, जुलै आणि ऑगस्टचं धान्य पावसाआधी एकदम वाटलं गेलं. पाच युनिटचे 75 किलो, आणि बाहेर दमट हवा. गहू उन्हात कडकडीत वाळवून कडुलिंबाच्या पाल्यासकट डब्यात भरला की टिकतो. तांदूळ उन्हात घालू नका, तडकतो आणि शिजताना कण्या होतात. सावलीत पसरून पोरकिडे चाळून काढा. तांदूळ भिजवल्यावर काही दाणे वर तरंगतात, रंगाने किंचित वेगळे आणि जरा जास्तच गुळगुळीत दिसतात. प्लास्टिकचा तांदूळ म्हणून बायका ते वेचून टाकतात. ते तांदळाच्याच पिठाचे दाणे आहेत. पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 मिसळून यंत्राने दाण्याचा आकार देतात आणि 100 किलोत एक किलो घालतात. घरात थॅलेसेमियाचा (रक्ताच्या एका आजाराचा) रुग्ण असेल तर डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी ते दाणे वेचू नयेत, तसेच शिजवावेत.