रेडिओ फोर : दिवसभर बडबड, पण ऐकावीशी

इंग्लंडात लेस्टरला आल्यापासून आमच्या स्वयंपाकघरात बीबीसी रेडिओ फोर लागलेलाच असतो. गाणी नावापुरती, जाहिराती नाहीत. टीव्हीसाठी घराघरातून भरलेल्या लायसन्स फीच्या पैशावर माणसं नुसती बोलतात.

सकाळी सहा ते नऊ ‘टुडे’ हा बातम्यांचा कार्यक्रम. मंत्र्यांना चांगलं फैलावर घेतात, पण प्रश्न विचारणाराच कधीकधी इतकं मध्ये तोंड घालतो की उत्तर बाजूलाच राहतं. पावणेआठच्या सुमारास दोन-तीन मिनिटांचं धार्मिक चिंतन. तेवढ्यात माझे पोहे भिजतात.

दहाचा ‘वुमन्स अवर’ मात्र चुकवू नका. १९४६पासून चालू आहे. आकाशवाणीच्या वनिता मंडळावर वाढलेल्या मला सुरुवातीला धक्काच बसला. रजोनिवृत्तीवर इतकं मोकळेपणी, तेही भर सकाळी!

संध्याकाळी सातला ‘द आर्चर्स’. १९५१पासून रेडिओवर चालू असलेली ही खेड्यातली मालिका. फाटकाची करकर, गाईचं हंबरणं, चहाच्या कपाची किणकिण, एवढ्यावर अख्खं गाव उभं करतात. कथा रेंगाळते, कुणाच्या तरी जमिनीचा वाद संपता संपत नाही. आमच्या साताऱ्याकडच्या भाऊबंदकीची आठवण येते. पहिला महिना कोण कुणाचं हे कळणार नाही, नेट लावून ऐका.

मध्यरात्रीनंतर जहाजांसाठी हवामान, समुद्राच्या एकेका भागाचं नाव घेत : वायकिंग, डॉगर, फिशर, जर्मन बाइट. माझी होडी नाही, तरी जागी असले तर ऐकते.

एक सूचना. तासाच्या ठोक्याला वाजणाऱ्या ‘पिप्स’वर (वेळ दाखवणाऱ्या बारीक पीप-पीप आवाजांवर) घड्याळ लावायचं असेल तर एफएमचाच सेट घ्या. डिजिटल रेडिओ काही सेकंद मागे असतो.